दावा चालू आहे, मग दिवाळखोरी थांबेल का? जालन्यातल्या एका मिलचे प्रकरण

मराठवाड्यातल्या उद्योजकाला मुंबईच्या एनसीएलटीची, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची नोटीस आली की वकिलाकडे येऊन तो बहुधा एकच विचारतो: "साहेब, आपला दावा तर इथल्या कोर्टात चालू हाय. मग ते मुंबईचं थांबंल की!" त्याला सरसकट 'हो' म्हणणारा त्याला फसवतो आणि सरसकट 'नाही' म्हणणारा त्याच्या हातातला चांगला बचाव वाया घालवतो. अर्ज कोणी केला आहे आणि वाद कोणत्या तारखेला सुरू झाला, या दोन गोष्टींवर उत्तर फिरते. दावा कुठल्या कोर्टात आहे याला त्या मानाने फार कमी वजन आहे.

हे समजून घेण्यासाठी एक प्रकरण सविस्तर मांडतो. ते अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातली मिल, पुरवठादार, बँक, रकमा आणि त्या व्यवहाराच्या तारखा कोणत्याही खऱ्या कंपनीच्या नाहीत, आणि त्यातले आदेशही मीच कल्पिलेले आहेत. कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मात्र खरे आहेत. शिवाय असे कागद, अशा चुका आणि अशी धावपळ जालना, वाळूज, लातूर, नांदेड कुठेही पाहायला मिळते.

मिल आणि बिलेट

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक रोलिंग मिल. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, दोन भाऊ संचालक. बिलेट, म्हणजे पोलादाचे ओतीव ठोकळे, विकत घ्यायचे, त्यांच्या टीएमटी सळया काढायच्या आणि बांधकाम ठेकेदारांना विकायच्या. जानेवारी ते जून २०२३ या काळात एका पुरवठादाराने मिलला ३ कोटी ४० लाखांचे बिलेट दिले. मिलने १ कोटी ६५ लाख चुकते केले. खात्यावर राहिले १ कोटी ७५ लाख.

मे महिन्यात एका ठेकेदाराच्या साइटवर सळया वाकवताना तडकल्या. मिल एफई ५००डी प्रतीची सळई विकत होती. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे या प्रतीत गंधक आणि स्फुरद प्रत्येकी ०.०४० टक्क्यांच्या आत आणि दोन्ही मिळून ०.०७५ टक्क्यांच्या आत लागते. स्फुरद वाढले की पोलाद ठिसूळ होते आणि वाकवण्याच्या चाचणीत ते लगेच उघडे पडते. मिलने चार हीटचे, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाच्या चार लॉटचे, नमुने प्रयोगशाळेत पाठवले. चारही हीटमध्ये स्फुरद जास्त निघाले.

पुढे सगळे ज्या तारखांवर ठरले त्या अशा. १४ जुलै २०२३ रोजी मिलने पुरवठादाराला ई-मेल केला, अहवाल जोडला आणि लिहिले की बाकीच्या हीटची तपासणी चालू आहे, निकाल येईपर्यंत पुढचे पेमेंट थांबवत आहोत. २ ऑगस्टला ६२ लाखांची डेबिट नोट, म्हणजे देण्यातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद, काढली आणि तेवढ्या रकमेपुरते इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवरच्या कराची घेतलेली वजावट) जीएसटी विवरणात परत फिरवले. २० ऑगस्टला पुरवठादाराचे व्हॉट्सॲपवर उत्तर आले: "मालाचं बसून बघू, आधी पैसे सोडा." ९ ऑक्टोबरला आणखी तीन हीटचा अहवाल आला आणि त्याच दिवशी ३४ लाखांच्या दाव्यासह ई-मेलने गेला.

या मधल्या काळात, ३० सप्टेंबरला, मिलच्या हिशेबनिसाने पुरवठादाराने पाठवलेल्या खातेउताऱ्यावर 'बाकी बरोबर' म्हणून सही-शिक्का मारून दिला. त्या उताऱ्यात पूर्ण १ कोटी ७५ लाख येणे दाखवले होते. डेबिट नोटचा उल्लेख नव्हता. मालकांना हे महिनाभर माहीत नव्हते.

५ फेब्रुवारी २०२४ रोजी पुरवठादाराची, नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ खालची डिमांड नोटीस, म्हणजे थकबाकीची मागणी करणारी नोटीस, आली. मिलने १३ फेब्रुवारीला, म्हणजे कायद्याने दिलेल्या दहा दिवसांच्या मुदतीत, वाद असल्याचे उत्तर दिले. त्यानंतर मालकांनी घाईने आणखी एक गोष्ट केली: मार्चमध्ये जिल्ह्याच्या व्यावसायिक न्यायालयात २ कोटी १० लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा. हा दावाच आता आपल्याला वाचवणार अशी त्यांची खात्री होती. दरम्यान पुरवठादाराने हमी म्हणून घेतलेला ४० लाखांचा चेक बँकेत टाकला, तो परत आला आणि कलम १३८ ची फिर्याद जालन्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल झाली.

माल देणाऱ्याचा अर्ज

पुरवठादाराने नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ९ खाली मुंबईला अर्ज केला. थकबाकी किमान एक कोटी असावी लागते. २४ मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा एक लाख होती. १ कोटी ७५ लाखांमुळे अर्ज उंबरठा ओलांडत होता.

मिलची पहिली मागणी होती की जिल्ह्यातला दावा निकाली निघेपर्यंत हा अर्ज थांबवून ठेवा. ही मागणी टिकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली नंतरचा दावा थांबतो, पण एनसीएलटीपुढचा अर्ज हा वसुलीचा दावाच नसतो. कलम ९(५) न्यायाधिकरणापुढे दोनच वाटा ठेवते: अर्ज स्वीकारा किंवा फेटाळा. 'ठेवून द्या, तिकडचे बघू' ही तिसरी वाट त्यात नाही. कलम ७, म्हणजे बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याच्या अर्जाबद्दल हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ई. एस. कृष्णमूर्ती विरुद्ध भारत हायटेक बिल्डर्स या प्रकरणात सांगितली. तिथे न्यायाधिकरणाने पक्षकारांना तडजोड करायला सांगून अर्ज निकाली काढला होता आणि तो अधिकार त्याला नाही, असे ठरले. तारखा पडत राहतात हे खरे, पण तारीख पडणे म्हणजे स्थगिती मिळणे नव्हे. तारखांच्या भरवशावर राहणाऱ्या पक्षकाराला एक दिवस अचानक आदेश हातात मिळतो.

म्हणून मिलच्या वकिलाने मागणी बदलली. 'थांबवा' ऐवजी 'फेटाळा' असे म्हटले, आणि खरा बचाव इथून सुरू झाला. कलम ९ मध्ये माल किंवा सेवा देणाऱ्या धनकोचा अर्ज, नोटिशीच्या आधीपासून वाद असेल, तर फेटाळावाच लागतो. कायद्यातली वादाची व्याख्या देण्याच्या रकमेपुरती थांबत नाही, मालाचा दर्जाही तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे.

याचे मोजमाप सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या निकालात घालून दिले. त्या प्रकरणात एका टीव्ही कार्यक्रमाच्या प्रेक्षक-मतदानाचे काम एका कंपनीने दुसरीला दिले होते. काम देणारीचे म्हणणे होते की दुसरीने गोपनीयतेचा करार मोडला, आणि तसा ई-मेल तिने जानेवारी २०१५ मध्ये पाठवला होता. डिमांड नोटीस आली डिसेंबर २०१६ मध्ये. कुठलाही दावा किंवा लवाद प्रलंबित नव्हता. तरी जवळजवळ दोन वर्षे जुन्या त्या ई-मेलच्या आधारावर अर्ज फेटाळला गेला. न्यायालय म्हणाले, वाद सिद्ध झालाय का हे न्यायाधिकरणाने पाहायचे नाही. पुढे तपासावा लागेल असा, कागदाचा आधार असलेला वाद आहे का, एवढेच पाहायचे. धान्य पाखडून कोंडा बाजूला काढावा तसा पोकळ बचाव बाजूला काढायचा. पण वाद खरा असेल तर तो कोण जिंकेल याच्यात शिरायचे नाही.

हे वाचल्यावर मिलच्या मार्चमधल्या दाव्याची किंमत कळते. तो नोटिशीनंतर दाखल झाला, त्यामुळे कलम ९ च्या दृष्टीने त्याला जवळजवळ वजन नाही. उलट पुरवठादाराच्या वकिलाने तोच बोटाने दाखवला: बघा, नोटीस आली तेव्हा यांना वाद आठवला. मिलला तारले ते जुलै-ऑक्टोबरच्या ई-मेलनी, जीएसटी विवरणातल्या नोंदीने आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप संदेशाने. "मालाचं बसून बघू" या तीन शब्दांत त्याने कबूल केले होते की तक्रार त्याच्यापर्यंत पोचली आहे.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे मालाची तक्रार फोनवर होते. मोंढ्यात असो की एमआयडीसीत, वर्षानुवर्षांचा संबंध असतो, लिहून दिले तर समोरचा दुखावेल असे वाटते, मधला दलाल 'मी बघतो' म्हणतो आणि प्रकरण तिथेच राहते. संबंध चांगले ठेवण्याची ही रीत मला मनापासून आवडते. पण मुंबईच्या न्यायपीठापुढे त्या फोनचा काहीही पुरावा नसतो. दोन ओळींचा ई-मेल, मालाचा बॅच नंबर आणि तारीख, एवढ्याने कंपनी वाचू शकते. आणि दावाच करायचा असेल तर तोही नोटिशीची वाट न पाहता करावा. ऑगस्ट २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर व्यावसायिक दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केलेल्या अर्जावर तारखेचा शिक्का बसतो. डिमांड नोटिशीच्या आधीचा असा अर्ज वादाचा चांगला पुरावा ठरतो.

आकड्यांची लढाई

पुरवठादाराचा दुसरा मुद्दा जास्त धारदार होता. वाद मान्य केला तरी तो ६२ लाखांचा आहे. १ कोटी ७५ लाखांतून ६२ लाख वजा केले तर १ कोटी १३ लाख उरतात. तेवढ्यावर वाद नाही आणि ते एक कोटीच्या वर आहेत. म्हणजे अर्ज उभा राहतो.

इथे ९ ऑक्टोबरचा दुसरा अहवाल कामी आला. त्यातले ३४ लाखही वजा केले की निर्विवाद रक्कम ७९ लाखांवर येते आणि उंबरठ्याच्या खाली जाते. पुरवठादाराने मग बिलावर छापलेले २४ टक्के व्याज त्यात मिळवून रकमेचा पल्ला पुन्हा गाठू पाहिला. पण मिलच्या खरेदी आदेशावर 'उशिरा पेमेंटवर व्याज नाही' अशी ओळ होती. बिल एक म्हणते, खरेदी आदेश दुसरे म्हणतो. म्हणजे व्याजाचाही वादच.

नुकसानभरपाईच्या २ कोटी १० लाखांचा आकडा मात्र वकिलाने वजाबाकीत घेतला नाही, आणि ते योग्यच केले. न ठरलेल्या नुकसानीचा दावा न्यायालयाने रक्कम ठरवेपर्यंत देणे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच रमण आयर्न फाउंड्री प्रकरणात सांगितले आहे. फुगवलेला आकडा पुढे केला असता, तर खऱ्या ९६ लाखांच्या वादावरचाही विश्वास उडाला असता.

आता तो खातेउतारा. पुरवठादाराचा हा सगळ्यात भक्कम कागद होता आणि सुनावणीचा मोठा वेळ त्याच्यावरच गेला. ३० सप्टेंबरला तुम्ही पूर्ण बाकी कबूल केली, मग वाद कुठे राहिला? मिलचे उत्तर असे: खातेउताऱ्यावरची सही म्हणजे बिले आणि पेमेंट यांच्या नोंदी जुळतात, एवढेच. मालाच्या दर्जाची तक्रार सोडून दिली असे त्यात कुठे लिहिलेले नाही. शिवाय त्या सहीनंतर नऊ दिवसांनी दुसरा अहवाल गेला आहे. वाद सोडलेला माणूस नवा अहवाल पाठवत नाही. मला हे उत्तर पटते, पण ते त्या नऊ दिवसांच्या ई-मेलमुळे पटते. तो नसता तर या सहीने मिल आत ओढली असती. हिशेबनीस माणूस प्रामाणिक होता, त्याच्या पुस्तकात डेबिट नोट चढवलीच नव्हती, कारण ती विक्री विभागाने काढली होती. दोन खोल्यांमध्ये निरोप गेला नाही, एवढेच कारण.

न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. दर्जाचा वाद नोटिशीआधीचा आहे, कागदावर आहे आणि निर्विवाद रक्कम उंबरठ्याखाली आहे. पुरवठादाराला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी राहिली. समजा या दोघांमध्ये लवाद होऊन निवाडा पुरवठादाराच्या बाजूने लागला असता आणि मिलने त्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिले असते, तरी उत्तर हेच असते. ऑगस्ट २०१८ मध्ये के. किशन विरुद्ध विजय निर्माण या निकालाने ठरवले की आव्हान प्रलंबित असेपर्यंत वाद जिवंत आहे.

बँकेचा अर्ज

मालकांनी पेढे वाटले. आणि पुढचे सहा महिने त्यांनी बँकेच्या पत्रांकडे त्याच नजरेने पाहिले: आपली केस तर चालू आहे.

मिलचे कॅश क्रेडिट खाते ३१ मार्च २०२४ ला अनुत्पादक (एनपीए) झाले होते. बँकेने सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्तेवर थेट कारवाई करू देणाऱ्या कायद्याखाली, नोटीस दिली, मिलने छत्रपती संभाजीनगरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊन व्याजाची आकारणी चुकीची असल्याचे म्हटले. तो अर्ज तिथे चालू असतानाच सप्टेंबरमध्ये बँकेने ११ कोटींच्या थकबाकीसाठी कलम ७ खाली एनसीएलटी गाठली.

इथे कायद्याचा चेहरा बदलतो. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अर्जात 'आधीपासूनचा वाद' हा बचावच नाही. ऑगस्ट २०१७ च्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक या निकालाने सांगितले की देणे आहे आणि ते थकले आहे एवढे दिसले की पुरे. रकमेबद्दल तक्रार असली तरी देय झालेले देणे थकले असेल तर अर्ज स्वीकारला जातो. मिलने व्याजातले ४५ लाख चुकीचे म्हटले होते. ते सगळे मान्य केले तरी साडेदहा कोटी उरतात.

त्या निकालाची पार्श्वभूमी महाराष्ट्रातल्या प्रत्येक उद्योजकाने वाचावी अशी आहे. ती कंपनी पुण्याची. राज्य सरकारने १९५८ च्या मदत उपक्रम कायद्याखाली अधिसूचना काढून तिची देणी ठरावीक काळासाठी स्थगित केली होती. कंपनी म्हणाली, राज्याच्या कायद्यानेच देणे थांबलेले असताना थकबाकी कसली? सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. कलम २३८ प्रमाणे ही संहिता विसंगत कायद्यांवर मात करते. वसुली न्यायाधिकरणातला किंवा सरफेसीखालचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून कलम ७ चा अर्ज अडत नाही, तो याच कारणाने.

मिलजवळ आणखी एक पत्ता होता. उद्योगांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली राज्य सरकारकडून ३ कोटी ८० लाख येणे आहे असे तिचे म्हणणे होते आणि त्यासाठी औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका होती. वकिलाने न्यायाधिकरणाला सांगितले: आमचे पैसे सरकारकडे अडकले आहेत, याचिकेचा निकाल लागेपर्यंत बँकेचा अर्ज थांबवा. आधार दिला जुलै २०२२ च्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर विरुद्ध ॲक्सिस बँक या निकालाचा.

दिवाळखोरी थांबवण्याच्या प्रश्नावर हा निकाल सर्वात जास्त वापरला जातो आणि सर्वात जास्त चुकीचा वापरला जातो. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या त्या वीज कंपनीला अपिलीय विद्युत न्यायाधिकरणाच्या आदेशाने १,७३० कोटी रुपये येणे ठरले होते. वीज नियामक आयोगाचे त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून होते. कंपनीने अर्ज थांबवा म्हटले. एनसीएलटी आणि तिच्यावरचे अपिलीय न्यायाधिकरण, दोघांनीही नकार दिला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, कलम ७(५) मध्ये न्यायाधिकरण अर्ज स्वीकारू 'शकते' असे आहे, कलम ९ सारखे 'स्वीकारील' असे नाही. म्हणजे विवेकाला जागा आहे, आणि बँकेच्या मागणीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम कंपनीच्या पदरात पडल्याचा आदेश असताना तो विवेक वापरायला हवा होता.

पण सप्टेंबर २०२२ मध्ये फेरविचार अर्ज फेटाळताना त्याच न्यायालयाने हे सगळे त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरते असल्याचे सांगितले. मे २०२३ मध्ये एम. सुरेश कुमार रेड्डी विरुद्ध कॅनरा बँक या निकालाने दार आणखी अरुंद केले: इनोव्हेंटिव्हचा नियम कायम आहे, देणे आणि थकबाकी दिसली की नकाराला फारशी जागा उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाचा रोखही याच दिशेने होता.

मिलचे प्रकरण या मापावर ठेवून पाहा. विदर्भच्या हातात अनुकूल आदेश होता. मिलच्या हातात फक्त याचिका आहे, तीही अजून अंतिम सुनावणीला न आलेली. तिथली येणी बँकेच्या मागणीपेक्षा मोठी होती, इथे ३ कोटी ८० लाख सगळे मिळाले तरी ११ कोटी फिटत नाहीत. याचिका हरली तर बँकेने गमावलेला वेळ कोण भरून देणार, याचेही उत्तर मिलकडे नव्हते. न्यायाधिकरणाने स्थगिती नाकारून अर्ज स्वीकारला, आणि मला त्यात चूक दिसत नाही. मिलने याचिकेबरोबर ठोस रक्कम जमा केली असती, किंवा खंडपीठाकडून निदान अंतरिम पेमेंटचा आदेश मिळवला असता, तर विदर्भचा आधार घेऊन बोलायला तोंड राहिले असते.

कर्जकरारात लवादाचे कलम असते तर? मार्च २०२१ च्या इंडस बायोटेक निकालाप्रमाणे न्यायाधिकरण आधी थकबाकी आहे की नाही एवढे तपासते. ती असेल तर लवादाकडे पाठवत नाही.

खंडपीठाकडे धाव

आदेशाच्या आदल्या आठवड्यात धाकट्या भावाने सुचवले होते की संभाजीनगरात हायकोर्ट आहे, तिथूनच मुंबईची कारवाई थांबवू. जवळचे न्यायालय, ओळखीचे वकील, हे समजण्यासारखे आहे. पण संहितेखाली अपिलाची वेगळी पायरी असताना उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली सहसा हात घालत नाही. डिसेंबर २०१९ च्या एम्बसी प्रॉपर्टी निकालात उच्च न्यायालयाचा हस्तक्षेप योग्य ठरला, पण तिथे खाणपट्ट्याबद्दल सरकारने सार्वजनिक कायद्याखाली घेतलेल्या निर्णयात एनसीएलटी घुसली होती. बँकेच्या साध्या थकबाकीत तसे काही नसते. जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम तर मिळूच शकत नाही, कलम ६३ आणि ६४(२) ने तो रस्ता बंद केला आहे.

वाट एकच: दिल्लीचे अपिलीय न्यायाधिकरण. तीस दिवस, आणि कारण पटले तर फार तर आणखी पंधरा. ऑक्टोबर २०२१ च्या व्ही. नागराजन निकालानुसार मुदत आदेश जाहीर झाल्यापासून मोजतात, प्रत हातात पडल्यापासून नाही. अपीलही कंपनीच्या नावाने चालत नाही, कारण कंपनीचा कारभार आता अंतरिम रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे, गेलेला असतो. निलंबित संचालकाने स्वतःच्या नावाने करायचे.

तिथे स्थगिती मागताना घड्याळ महत्त्वाचे असते. धनकोंची समिती बसण्याआधी तडजोड झाली तर ती न्यायाधिकरणापुढे नेऊन अर्ज मागे घेणे तुलनेने सोपे असते. समिती बसल्यावर कलम १२अ प्रमाणे ९० टक्के मतांची संमती लागते. अपिलीय न्यायाधिकरण आपल्या अंगभूत अधिकारात तडजोड मंजूर करून टाकेल अशी आशाही धरू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये बायजू या ऑनलाइन शिकवणी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे केलेले रद्द ठरवले आणि ठरलेल्या पद्धतीनेच जा असे सांगितले. मिलच्या थोरल्या भावाने अपील केले, पण सोबत तडजोडीचा कागद नव्हता की जमा रकमेचा पुरावा नव्हता. स्थगिती मिळाली नाही.

अर्ज स्वीकारल्यानंतर

इथून सगळे उलटे होते. दिवाळखोरी थांबत नाही, बाकीचे थांबते. कलम १४ च्या मोरेटोरियमने, म्हणजे कंपनीविरुद्धच्या कारवायांवरच्या स्थगितीने, बँकेची सरफेसी कारवाई थांबली, वसुली न्यायाधिकरणातली बँकेची वसुलीही थांबली. अर्ज फेटाळल्यावर पुरवठादाराने जिल्ह्यात वसुलीचा दावा टाकला होता, तोही जागच्या जागी राहिला. त्याने आता रिझोल्युशन प्रोफेशनलकडे क्लेम भरायचा.

मिलने स्वतः केलेला २ कोटी १० लाखांचा दावा मात्र थांबला नाही. मोरेटोरियम कंपनीविरुद्धच्या कारवाईला आहे, कंपनीने केलेल्या दाव्याला नाही. तो दावा आणि सरकारविरुद्धची याचिका, दोन्ही आता रिझोल्युशन प्रोफेशनलने चालवायची. भावांनी त्याला प्रयोगशाळेचे अहवाल, हीट नंबर, योजनेची पात्रता-पत्रे लगेच सुपूर्द करावीत असे मी आग्रहाने सांगेन. अनेक संचालक रागाने कागद दडवतात. असे केल्याने कंपनीची येणी बुडतात आणि हमीदार म्हणून तो बोजा शेवटी त्यांच्याच अंगावर येतो.

कारण हमीदारांना कलम १४ चे संरक्षण नाही. दोन्ही भावांनी वैयक्तिक हमी दिली होती आणि जालन्यातले राहते घर त्यात आहे. बँक त्यांच्याविरुद्ध कलम ९५ खाली वेगळा अर्ज करू शकते, आणि तोही मुंबईच्या त्याच न्यायाधिकरणात. गंमत म्हणजे तिथे अर्ज दाखल होताच कलम ९६ प्रमाणे त्या देण्याच्या इतर कारवाया आपोआप थांबतात, कोणी आदेश द्यावा लागत नाही.

चेकची फिर्याद मात्र दोन्हीकडून सुटत नाही. मार्च २०२१ च्या पी. मोहनराज निकालाने मोरेटोरियममध्ये कंपनीविरुद्धची कलम १३८ ची कारवाई थांबते असे ठरवले, पण संचालकांविरुद्ध ती चालू राहते. संचालकाने वैयक्तिक नादारीचा अर्ज करून कलम ९६ चा आडोसा घ्यायचा म्हटले तर एप्रिल २०२५ मध्ये राकेश भनोट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेही नाकारले. म्हणून थोरल्या भावाने जालन्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढची पुढची तारीख चुकवू नये, आणि ४० लाखांच्या त्या चेकवर पुरवठादाराशी स्वतःच्या पैशातून तडजोड होते का ते त्याच तारखेला बोलावे.